दोन बोटं आखूड

विंडसर, ९ जानेवारी २०१७

मेल्विन,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. मराठी लिहून तीस वर्षं झाली, ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर सांभाळून घे. आम्ही दोघं आहोत तसे आहोत. व्हिव्हियनचा गुडघा दुखतो, माझी पाठ दुखते, नदीवरून वारा सुटलाय आणि सकाळपासून दोनदा ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून मी गळून गेलोय.

सांगायचं ते सरळ सांगतो. तुझी क्लॅरिसा माझ्याकडे येऊन गेली. नाताळची सुट्टी संपवून टिमिन्सहून वॉटर्लूला कॉलेजात परतली आणि दुसऱ्याच दिवशी बस बदलत बदलत इथे आली. दोन दिवस राहिली. डॅडला सांगू नका म्हणाली, म्हणूनच सांगतोय. पोरीनं बापाच्या पाठीमागे काकाला भेटावं आणि काकानं गप्प बसावं, इतका मी बेरड झालेलो नाही.

तिला तुझी मॅग्नम रायफल हवी आहे. तू ती तुझ्या शिकारीच्या सोबत्याबरोबर, रॉड्नीबरोबर, परत पाठवलीस तेव्हापासून माझ्या बेसमेंटच्या कपाटात कुलपात पडून आहे. नळी शाबूत आहे, चाप शाबूत आहे. लाकडी दस्ता तेवढा नाही, तो मी काढून टाकला. क्लॅरिसाला त्या लोखंडावर नवा दस्ता हवाय, तिच्या स्वतःच्या मापाचा. बंदुकीचं लायसन्स तिनं काढलंय, शिकारीचंही. ऑक्टोबरात तुला घेऊन शिकारीच्या कॅम्पवर जायचं आणि मूस मारायचा, तोही याच बंदुकीनं, असं तिच्या डोक्यात आहे. मी म्हटलं, पोरी, मूस म्हणजे घोड्याएवढं सांबर असलं तरी त्याला मॅग्नमच लागते असं नाही, लहान काडतूस पुरतं, तुझी उंची ती केवढी. तर म्हणाली, "थॉमस अंकल, डॅड इज स्केअर्ड ऑफ अ थिंग इन युअर कबर्ड. आय वॉन्ट हिम टु सिट बिसाइड मी व्हेन आय शूट इट." तुझं खाणीतलं इलेक्ट्रिकचं काम सुटलं, आता तू तिथल्याच स्टोअरमध्ये बसतोस, आणि घरी आलास की खिडकीशी बसतोस, हे मला तिच्याकडून कळलं.

मी तिला सांगितलं की बाप हो म्हणत नाही तोवर लाकडाला हात लावणार नाही. तुझा उजवा डोळा मी दस्ता घडवून दिलेल्या बंदुकीनं गेला हे मी विसरलेलो नाही. आता तो का गेला ते तुलाही माहीत आहे. तू उतावळेपणानं डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीला, स्कोपला, चिकटवलास, मॅग्नमनं धक्का दिला आणि स्कोपची कड डोळ्यावर आदळली. लांब राहा असं मी तुला हजारदा बजावलं होतं. पण ते जाऊ दे. तुझ्या होकाराशिवाय तुझ्या मुलीच्या डोळ्यापुढे मी काही धरणार नाही.

हो की नाही, एवढं कळव.

थॉमस


विंडसर, ५ फेब्रुवारी २०१७

मेल्विन,

तुझं उत्तर नाही, पॉलिनचा फोन मात्र आला. म्हणाली, पत्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून दोनदा वाचलं, 'उतावळेपणानं' या शब्दापाशी थांबून हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. मग तिनं मला विचारलं, "भाऊजी, बंदूक आखूड होती ना?" मी म्हटलं, बाहेर बर्फ साचतंय, नंतर बोलू. तुझी बायको भली आहे, तिनं मला फोन ठेवू दिला.

त्यानंतर तीन रात्री नीट झोप नाही, म्हणून लिहितो. हो, आखूड होती.

बंदुकीचं मुख्य माप एकच. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं, म्हणजे जे टोक खांद्याला टेकतं तिथवरचं. ते अंगाला बसलं की गाल आपोआप जागेवर येतो आणि डोळा स्कोपपासून चार बोटं लांब राहतो. आखूड झालं की तोंड पुढे सरकतं. साध्या बंदुकीत खपून जातं. मॅग्नमच्या काडतुसात दारू जास्त, ती गाढवासारखी लाथ मारते, तिथे खपत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये मी केसाच्या जाडीवरून लोकांशी भांडलोय.

मग ती आखूड कशी झाली ते ऐक. गावातला आपला शिंपी आठवतो? तो फक्त माझं माप घ्यायचा. तू बाहेर गोट्या खेळत असायचास, आणि आई तुला हाक मारायला लागली की तो म्हणायचा, राहू दे, धाकट्याला दोन बोटं कमी. चर्चमधल्या तुझ्या पहिल्या कम्युनियनची पँट तशीच शिवली, शाळेचे शर्ट तसेच शिवले, कधी चुकलं नाही. तुझ्या दस्त्याचं लाकूड कापायला घेतलं तेव्हा मी माझ्या हाताचं माप धरलं, पावणेचौदा इंच. त्याच्यावर दोन बोटं ठेवली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. साडेबारा. फूटपट्टी शेजारीच पडली होती.

तू एकोणिसाव्या वर्षीच माझ्या डोक्यावरून गेलास. तुझ्या लग्नाच्या फोटोत मी तुझ्या खांद्याला लागतो, तो फोटो आमच्या जिन्यात टांगलेला आहे आणि बेसमेंटमध्ये उतरताना मी रोज त्याच्यासमोरून जातो. तरी माझ्या लेखी तू दोन बोटं कमीच राहिलास. बंदूक हातात घेऊन तू म्हणालास, जरा आखूड वाटते. मी म्हटलं, थंडीत जाड कोट घालशील तेव्हा बरोबर बसेल. त्या ऑक्टोबरात ऊन पडलं आणि तू नुसत्या शर्टावर होतास.

उतावळेपणाचं मी मागे घेतो. आता माझ्यापाशी लपवलेलं काही उरलेलं नाही. क्लॅरिसा दर रविवारी विचारते, अंकल, एनी न्यूज? मी तिला काय सांगू?

थॉमस


विंडसर, १९ मार्च २०१७

मेल्विन,

मागच्या पत्रात काही लपवलेलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. आता साठी उलटली, इतकं ओझं घेऊन जिना चढउतार करायची ताकद राहिली नाही.

तुझं माप माझ्याकडे होतं. दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये पॉलिननं पोस्टानं पाठवलं होतं. कुठलासा व्हिडिओ बघून तिनं तुला किचनमध्ये उभं केलं, टेप लावली आणि वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. लांबी सव्वाचौदा. खाली गालाचं माप, मानेचं माप, आणि 'भाऊजी, शंका असली तर पुन्हा मोजते'. मला राग आला, खरं सांगतो. मेल्विनचं माप मला आता ही सांगणार? त्याला मी कडेवर घेऊन फिरलोय. मी पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला गोंदाचं प्रमाण लिहून ठेवलं, किती भाग हे आणि किती भाग ते. पुढचे सहा आठवडे ते पान माझ्या बेंचवर चिमट्याला लावलेलं होतं. रोज गोंदाची बाजू वाचायचो. दुसऱ्या बाजूला काय आहे ते मला माहीत होतं, मेल्विन. पान वाऱ्यानं फिरलं तर मी परत उलटं करायचो.

दुसरं. रॉड्नी बंदूक परत घेऊन आला, त्याच दुपारी मी दस्ता लोखंडापासून सोडवला आणि करवतीनं त्याचे पाच तुकडे केले. व्हिव्हियन वरून आवाज ऐकून खाली आली. मी म्हटलं, भावाचा डोळा घेतला यानं, मला बघवत नाही. तिनं एक तुकडा उचलून कापलेल्या कडेवर बोट फिरवलं, मग म्हणाली, "थॉमस, दुःखात माणूस इतकं सरळ कापत नाही." बरोबर ओळखलं तिनं. उद्या कुणी फूटपट्टी लावू नये म्हणून मी ते कापलं होतं. तू सडबरीच्या हॉस्पिटलात डोळ्याला पट्टी बांधून पडला होतास, आणि मी इथे पुरावा कापत होतो. त्यानंतर भेटायला आलो तेव्हा तुझ्या पलंगाशी बसून तुलाच म्हणालो, घाई केलीस रे. तू तोंड भिंतीकडे वळवलंस. तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

पॉलिननं तो कागद मला पाठवला होता हे तुला कधी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. सांगितलं असेल तर तू मला पुरता ओळखून आहेस. नसेल तर तिनं माझी अब्रू राखली, आणि ती राखण्यासारखी नव्हती.

मला लाज वाटते. याहून चांगलं लिहिता येत नाही.

क्लॅरिसाच्या बाबतीत तू नाहीच म्हण, असं मला आता वाटू लागलंय. अशा माणसाच्या हाती कुणी मुलगी द्यावी? पण विचारलंय, तर उत्तराची वाट बघतो. हो असो, नाही असो.

थॉमस


विंडसर, २ मे २०१७

मेल्विन,

तुझं पाकीट मिळालं. पत्ता तुझ्या अक्षरात. अक्षर थोडं उजवीकडे कलतं आता, पूर्वी तसं नव्हतं.

आतल्या कागदावर सात आकडे आणि दोन ओळी. त्या ओळी मी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मी त्या वाचल्या हे तुला कळेल. 'ईस्टरला घरी आली होती तेव्हा हे माप मी घेतलं, कोट घालून आणि कोटाशिवाय, दोन्ही. यात तुझं डोकं चालवू नकोस.'

मी बेसमेंटच्या पायरीवर बसून रडलो. व्हिव्हियनला वाटलं पाठ धरली, ती तेलाची बाटली घेऊन आली. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला, कोटाचं वाचून हसली, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक बेंचवर लावली, एक फ्रिजवर, आणि मूळ कागद स्वतःच्या बायबलमध्ये ठेवला. तो आता मला उलटा करता येणार नाही.

डोकं चालवणार नाही.

थॉमस


विंडसर, १६ जुलै २०१७

मेल्विन,

तू विचारलेलं नाहीस तरी काम कुठवर आलं ते सांगतो. बाप आहेस, तुला कळायला हवं.

लाकूड अक्रोडाचं आहे. आठ वर्षं माझ्या बेसमेंटमध्ये वाळत पडलेली फळी. मनगटाच्या जागी, म्हणजे दस्ता मुठीत धरतो तिथे, रेषा सरळ जातात, तिथे वाकड्या रेषा असल्या तर मॅग्नम लाकूड चिरते. मी काम फार हळू करतो. डोळे लवकर शिणतात, तासाभरानं बोटं आखडतात. लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथे काळा डाग उमटला तिथे अडतंय, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. मे महिना यातच गेला. पूर्वी हे काम मी शीळ घालत करायचो, आता दर वेळी उचलताना वाटतं की कुठेतरी चुकलोय.

अंगाला सुखाची मॅग्नम करायची म्हणजे धक्का नाहीसा करता येत नाही, तो वाटून द्यावा लागतो. दस्त्याचं टोक मी रुंद ठेवलंय, म्हणजे खांद्यावर एका जागी टोचणार नाही. त्यावर मऊ रबर. गालाखालची बाजू पुढच्या अंगाला किंचित उतरती, म्हणजे बंदूक मागे येताना गालापासून लांब सरकेल, गालावर चढणार नाही. मूठ बारीक, कारण तिची बोटं पॉलिनसारखी आखूड आहेत. कोटाचं आणि बिनकोटाचं माप तू वेगळं दिलंस, म्हणून रबराखाली अर्ध्या इंचाची एक चकती बसवलीय. थंडीत ती दोन स्क्रू काढून वेगळी करायची. वजन स्कोपसकट साडेआठ पौंड. जड केली असती तर लाथ आणखी कमी झाली असती, पण तिला दिवसभर जंगलातून वाहायची आहे.

आता एक कबुली. गालाच्या हाडापासून डोळ्याच्या बाहुलीपर्यंतचं जे माप तू दिलंस, ते मला कमी वाटलं. एवढ्या गोल चेहऱ्याच्या मुलीचं इतकं कसं असेल? मेल्विन चुकला असणार, एका डोळ्यानं मोजलंय, असं मनात आलं आणि हात शिवशिवले. चार दिवस मी रंधा उचलायचो आणि ठेवायचो. व्हिव्हियन नुसती फ्रिजकडे बोट दाखवायची. शेवटी वॉटर्लूला फोन केला आणि क्लॅरिसाला म्हटलं, रूममेटला सांगून ते माप पुन्हा घे. तिनं उल्काकडून घेतलं, नागपूरची मुलगी आहे, इंजिनिअरिंगलाच. आकडा तुझाच निघाला. पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तोच. क्लॅरिसा म्हणाली, "अंकल, यू डोन्ट ट्रस्ट डॅड?" मी म्हटलं, मी माझ्यावर ट्रस्ट करत नाही. ते अर्धंच खरं होतं, आणि अर्धं खरं सांगायची सवय अजून जात नाही.

मागच्या शनिवारी ती आली. लाकूड अजून कच्चं, तेल लावायचं बाकी. बंदूक रिकामी आहे हे आम्ही दोघांनी तपासलं, मग तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. डोळे मीट, खांद्याला लाव, आता उघड. डोळे उघडल्यावर स्कोपचं वर्तुळ पूर्ण दिसलं, कडेला सावली नाही, तर माप बसलं. तिनं उघडले आणि म्हणाली, "फुल सर्कल." दहा वेळा करायला लावलं. कोट घालून दहा वेळा, चकती काढून. त्या उकाड्यात ती तुझा जुना हिवाळी कोट घालून घामानं निथळत होती. दर वेळी फुल सर्कल.

पुढच्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर नेऊन पहिली गोळी मारायची आहे. तू यावंस असं मला वाटतं. अकरा तासांचा ड्राइव्ह आहे हे माहीत आहे. माझ्याशी बोलू नकोस, तिच्या शेजारी उभा राहा.

थॉमस


विंडसर, ३ सप्टेंबर २०१७

मेल्विन,

तू आला नाहीस. मी सकाळी आठपासून रेंजच्या गेटकडे बघत होतो, क्लॅरिसाही बघत होती, आम्ही एकमेकांना दाखवलं नाही एवढंच.

पहिली गोळी मी मारणार होतो. ती नको म्हणाली. बंदूक तिच्या मापाची, मला ती दीड इंच आखूड, माझंच कपाळ फुटलं असतं. मी म्हटलं, फुटू दे. तर म्हणाली, "नो मोअर स्टुपिड थिंग्ज विथ धिस रायफल, प्लीज." मग बंदूक तिच्या हातात दिली. गोळी सुटली तेव्हा मी काय केलं तेही सांगतो. मी पाठ फिरवली. तीनशे तास लाकूड घासलेला माणूस, शेवटच्या क्षणी डोळे मिटून कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. आवाज झाला, मग काहीच नाही. मला वाटलं संपलं सगळं. मागून तिचा आवाज आला, "दॅट्स इट?" मी वळलो. ती खांदा चोळतसुद्धा नव्हती. भुवई कोरडी, रक्ताचा थेंब नाही.

बारा गोळ्या मारल्या तिनं. सगळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ. खांद्यावर फक्त लालसर झालं, तेही टी-शर्टवर होती म्हणून.

बंदूक तिच्याबरोबर पाठवतोय. मूसचा टॅग, म्हणजे एक मूस मारायचा परवाना, सोडतीत लागलाय असं तिनं सांगितलं. तू कॅम्पवर जायला तयार झालास की नाही हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. ही माझी शेवटची बंदूक. हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवलीत.

फार थकलोय. बरं वाटतंय, पण थकलोय.

थॉमस


विंडसर, १५ ऑक्टोबर २०१७

मेल्विन,

तू गेलास असं पॉलिननं कळवलं. तू, क्लॅरिसा आणि रॉड्नी. म्हणजे आज तुम्ही तिघं तिकडे झाडीत बसलेले असाल.

लिहिण्यासारखं काही नाही. मिसाला गेलो, प्रवचन काय झालं ते आठवत नाही. चाचणीत बारा गोळ्या मारल्या, पण तिथे उभं राहून मारल्या. जंगलात माणूस वाकडातिकडा बसतो, जनावर बघून हात कापतात, मान पुढे येते. या सगळ्याचा विचार मी केला होता का? केला होता. पुन्हा पुन्हा तेच तपासतोय. फोन खिशात आहे, वॉशरूमलाही घेऊन जातो. व्हिव्हियननं जेवायला दोनदा हाक मारली.

हे पत्र बहुधा पाठवणार नाही.

थॉमस


विंडसर, १२ नोव्हेंबर २०१७

मेल्विन,

ऑक्टोबरातलं पत्रही याच पाकिटात घालतोय, व्हिव्हियन म्हणाली लपवालपवी पुरे.

काल क्लॅरिसा आली. मूस एका गोळीत पडला, कुणाला खरचटलं नाही, हे पॉलिननं त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. तरी दार उघडल्यावर मी आधी तिच्या भुवईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोन्ही हातांनी कूलरची बर्फाची पेटी धरून उभी होती. म्हणाली, "अंकल, इट्स हेवी, मूव्ह."

चहा घेताना तिनं सगळं सांगितलं. तू तिच्या उजव्या हाताला ओंडक्यावर बसला होतास. जनावर पाण्याच्या कडेला आलं, तिनं बंदूक खांद्याला लावली, आणि तू तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि तो काढला नाहीस. गोळी सुटल्यावर तू मूसकडे पाहिलंच नाहीस. तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलंस, आधी एक डोळा पाहिलास, मग दुसरा. ते ऐकताना मला कप खाली ठेवावा लागला.

मग दुसऱ्या दिवशीचं. रॉड्नीनं ताडपत्रीवर मांसाचे वाटे घातले. कॅम्पवर जेवढी माणसं तेवढे वाटे, ही पद्धत, म्हणून तीन. तू झाडाला टेकून सिगारेट ओढत होतास. जवळ आलास, तिन्ही ढीग बघितलेस आणि विचारलंस, "दादाचा वाटा कुठाय?"

रॉड्नी म्हणाला, थॉमस इथे कुठे आहे? तू वाकलास. प्रत्येक ढिगातून थोडं थोडं उचलून चौथा ढीग घातलास. क्लॅरिसा मला म्हणाली, "ही सेड इट इन मराठी. आय हॅडन्ट हर्ड हिम से दादा इन थ्री इयर्स." ती हे सहज सांगत होती, बिस्किट खाता खाता. मी उठून किचनमध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

कूलर उघडल्यावर पाहिलं तर वर थोडं मांडीचं, आणि खाली सगळी मान. क्लॅरिसाचा चेहरा उतरला. म्हणाली, डॅडनं मान मुद्दाम तुमच्या ढिगात टाकली, मी सांगून पाहिलं, सॉरी. मी म्हटलं, सॉरी कशाला? त्यानं बघूनच दिलंय.

सगळ्या जनावरात मानेएवढं चिवट काही नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तू मला माफ केलंस असं मी समजत नाही. तुझा डोळा परत येणार नाही, खाणीतलं काम परत येणार नाही, आणि त्या पलंगाशी बसून मी जे बोललो ते तुझ्या कानातून जाणार नाही. पण वाटा तू घातलास. मला तेवढा पुरतो.

रात्रभर ते आपल्या घरच्या बॉटल मसाल्यात मुरवलं. आज मिसाहून आलो आणि नऊ वाजता पातेलं चढवलं. आता एक वाजून गेलाय. व्हिव्हियन दर अर्ध्या तासानं सुरी टोचून बघते आणि झाकण परत ठेवते. अजून शिजलेलं नाही. आज रविवार आहे, मला कुठे जायचं नाही, मी गॅसपाशीच बसून हे लिहितोय.

तुझा,
दादा